वीस-वीस रुपयांचा भोंगा: पाचपैकी साडेतीन

ज्यांना घाई आहे त्यांना आधीच सांगते. भोंगा चांगला, पट्टा वाईट, सायरनचं बटण त्याहून वाईट. पाचपैकी साडेतीन. वेळ असेल तर बसा.

वस्तू म्हणजे हातात धरून बोलायचा भोंगा. अंग पांढरं, तोंड लाल, खाली मूठ आणि मुठीला खटका. खटका दाबून धरला की बोलायचं, सोडला की बंद. ऑनलाइन 1,849 रुपयांना पडला. कंपनी कोणती ते विचारू नका. डब्यावर एक नाव आहे, भोंग्यावर दुसरं चिकटवलंय आणि वॉरंटीच्या चिठ्ठीवर तिसरंच आहे.

घेण्याआधी मी तिथले सगळे रिव्ह्यू वाचले होते. शाळेच्या सहलीसाठी, मंडळाच्या विसर्जनासाठी, शेतातली रानडुकरं हाकलायला (हे आमच्याकडचेच असणार), क्रिकेटच्या कॉमेंट्रीसाठी. मोर्च्यात वापरून पाहिलेल्या माणसाचा एकही नव्हता. एवढे मोर्चे निघतात आणि भोंग्याबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही, म्हणून मी लिहून राहिले.

मी कोण ते थोडक्यात. वय 31, गाव उमरेड तालुक्यात, बी.एस्सी., नागपुरात नंदनवनला खोली. 2023च्या तलाठी भरतीला जागा 4,644 आणि अर्ज दहा लाखांवर. त्या दहा लाखांत माझा एक, खुल्या प्रवर्गाची फी 1,000 रुपये. पोलीस भरतीचं वय 28लाच संपलं. मग 2024 साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीवाल्याला महिना 6,000, आयटीआय-डिप्लोमाला 8,000, पदवीधराला 10,000. आधी सहा महिने, नंतर पाच वाढवले, म्हणजे अकरा. एका ऑफिसात टेबल मिळालं. साहेब म्हणायचे, ताई, तुमच्याशिवाय हे ऑफिस चालत नाही. अकरा महिने संपले, मी घरी आले, ऑफिस चालूच आहे.

तर डिसेंबर. 1953च्या नागपूर करारात लिहून ठेवलंय की विधिमंडळाचं वर्षातून निदान एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं. त्यामुळे एरवी मुंबईला असलेलं सरकार थंडीत आमच्या खोलीपासून सिटी बसच्या टप्प्यात येतं. आमच्या अभ्यासिकेतल्या आणि ओळखीतल्या पोरापोरींनी ठरवलं की यंदा रिक्त पदांच्या मोर्च्यात जायचं, आणि मागं राहून दुसऱ्याच्या घोषणांना 'पाहिजे, पाहिजे' म्हणत बसायचं नाही, आपला भोंगा न्यायचा. माणशी वीस रुपये काढले. 117 जणांचे 2,340 जमले. भोंगा वजा जाता 491 उरले. त्यातून आठ मोठे सेल, कापडी बॅनरचं कापड आणि घशाच्या गोळ्या. बॅनर हातानेच रंगवला, कारण फ्लेक्सवाल्याने डिझाइनचे वेगळे मागितले.

भोंगा आला त्याच दिवशी संध्याकाळी खोलीच्या गच्चीवर लावून पाहिला. घरमालकीण काकू खालून ओरडल्या, "काऊन वं, कोणाचं लग्न हाय?" म्हणजे आवाज खणखणीत आहे, प्रश्नच नाही. डब्यावर 500 मीटर लिहिलंय. रविवारी अभ्यासिकेच्या गच्चीवरून मी बोलले आणि एकाला मोबाइल देऊन रस्त्याच्या पार टोकाला उभा केला. त्याचा फोन आला, "ताई, ऐकू येऊन राहिलं, पण काय म्हणून राहिली ते समजत नाही."

ही या वस्तूची खरी गोम आहे, आणि कोणत्याच रिव्ह्यूत नाही. भोंग्यातून जाड आवाजही नीट जात नाही आणि बारीकही नाही, मधला तेवढा जातो. 'स', 'श', 'च' पार विरघळतात. आमची पहिली घोषणा होती 'चार हजार सहाशे चव्वेचाळीस जागा, दहा लाखांचा हजार-हजार घेता'. मी रात्रभर बसून जुळवली होती, मला वाटलं होतं आकड्यांनी माणूस हादरतो. टोकावरच्या पोट्ट्याला ऐकू आलं 'आर आजा आआए'. आकडे बाद. 'कंत्राटीकरण' बरं ऐकू येतं, 'क' आणि 'ट' आहेत ना त्यात. पण लोकांना म्हणायला लांब पडतं. सगळ्यात झकास जाते ती 'आ'वर संपणारी घोषणा: 'रिक्त पदं... भरा!' तोंड उघडंच राहतं, आवाज सुटतो. 'झालीच पाहिजे' ठीक. 'करायचं काय, खाली डोकं वर पाय' तर भोंग्याशिवायच चालते. सगळ्या पक्षांनी सगळ्या सरकारांवर दिलेली घोषणा ती, लहान पोरांनाही पाठ आहे. म्हणजे विकत घेणार असाल तर घोषणा आधी भोंग्यातून म्हणून बघा, मग बॅनरवर लिहा. आमचा बॅनर आकड्यांचा झाला आणि तोंडी घोषणा वेगळ्या.

बॅटरी. आत चार्जिंगची बॅटरी येते, ती संपली तर मोठे आठ सेल बसतात. कंपनी म्हणते आठ तास. आम्हाला भरला सव्वातीन तास, तोही मी मध्ये मध्ये बंद ठेवून. सेल टाकल्यावर वजन असं वाढतं की खांदा उतरतो. आणि पट्टा? झाशी राणी चौक ओलांडायच्या आत शिवण उसवली. तिथून पुढं भोंगा माझ्या ओढणीला बांधलेला होता. पट्ट्याचा अर्धा मार्क गेला. (घेतल्या घेतल्या चांभाराकडून दोन टाके मारून घ्या.)

आता मोर्चा. सकाळी आठला यशवंत स्टेडियम. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, यवतमाळहून पोरं रात्रीच्या गाड्यांनी येऊन तिथंच बसली होती, अंगावर पांघरूण, पाठीवर बॅग. नागपूरच्या डिसेंबरची थंडी, तोंडातून वाफ निघत होती. इथं एक कळकळीचा सल्ला: ज्याला घोषणा द्यायच्या आहेत त्याने सकाळी तर्री पोहे खाऊ नयेत. मी खाल्ले. वर तर्री दोनदा मागून घेतली. दहा वाजता माझा घसा असा बसला होता की भोंग्यातून मीच मला ओळखू येईना.

आणखी एक गोष्ट आधी माहीत असावी. स्टेडियम धंतोलीत आहे, आणि धंतोली म्हणजे गल्लोगल्ली दवाखाने. रुग्णालय, शाळा, न्यायालयाच्या भोवती निदान शंभर मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत तसं आहे. परवानगीच्या वेळी आम्हाला ते बजावून सांगितलं होतं. त्यामुळे सुरुवातीला आम्ही भोंगा बंद ठेवून नुसतेच चाललो. एका दवाखान्याच्या पायरीवर डबा घेऊन बसलेल्या आजीने विचारलं, "कोणाची मयत हाय का रे?" बिनाआवाजाचा मोर्चा तसाच दिसत असेल.

मुंजे चौकात मेट्रोच्या पुलाखाली आलो आणि खटका दाबला. तिथं वर सिमेंट, दोन्हीकडे दुकानं, आवाज दुप्पट होऊन परत अंगावर येतो. पोट्टे खूश. मी पण. आयुष्यात माझा आवाज एवढा मोठा मी पहिल्यांदाच ऐकला. बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, खरेदीला आलेल्या बाया थांबून बघायला लागल्या, एकीने मोबाइल काढला. ज्याला व्हिडिओ करायचाय त्याने तिथंच करावा.

पुढं व्हेरायटी चौक आणि मग मॉरिस कॉलेजचा टी-पॉइंट. नागपुरात मोर्चा म्हटला की टी-पॉइंट. पलीकडे विधानभवन, अंतर फार नाही, पण मध्ये बॅरिकेड.

सायरनचं सांगते. भोंग्याच्या पाठीवर दोन बटणं आहेत. एक आवाज कमीजास्त करायचं, गोल. त्याच्या बोटभर खाली सायरनचं, तेही गोल, तेवढंच, त्याच रंगाचं. बनवणाऱ्याने हा भोंगा कधी गर्दीत हातात धरलेला नसणार. आम्ही बॅरिकेडपाशी पोचलो तेव्हा मागून रेटा यायला लागला. मागच्यांना पुढं काय आहे ते दिसत नाही, त्यांना वाटतं अजून रस्ता मोकळा आहे. पुढच्या ओळीत मुली होत्या, लोखंडाला चिकटल्या. 'मागच्यांनी ढकलू नका' एवढं सांगायला मी आवाज वाढवायला गेले आणि अंगठा खालच्या बटणावर पडला.

ॲम्ब्युलन्ससारखा आवाज. कोणाला वाटलं गाडी येऊन राहिली, कोणाला वाटलं पोलीस सुटले. जो तो बाजूला व्हायला बघतो आणि बाजूला जागाच नाही. तीन-चार सेकंद असतील. भंडाऱ्याची एक पोरगी खाली बसली, तिची चप्पल कुठं गेली ते नंतरही सापडलं नाही. मला बटण सापडेना. बॅरिकेडच्या पलीकडून पांढऱ्या मिशांचे एक हवालदार वाकले आणि त्यांनी भोंग्याच्या तोंडावर सरळ हाताचा पंजा ठेवला. आवाज दबला. दुसऱ्या हाताने त्यांनीच बटण बंद केलं.

"ताई, हे इथं नको," ते म्हणाले. "बाकी कुठंबी वाजवा. या जागी नको."

नागपूरच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. 23 नोव्हेंबर 1994, हिवाळी अधिवेशन, गोवारी समाजाचा मोर्चा, अनुसूचित जमातीत नोंद व्हावी म्हणून आलेला. याच भागात चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसं गेली. बाया आणि लेकरं त्यात जास्त. मी तेव्हा आईच्या पोटात होते. बर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे, झिरो माइलजवळ स्मारक आहे, दोन्हींजवळून मी किती वर्षं बसने जाऊन राहिले. कंडक्टर 'गोवारी पूल' म्हणतो आणि आपण तिकिटाचे सुटे काढतो.

हवालदार तेव्हा नवीन लागले असतील का, ते त्या दिवशी तिथं होते का, मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. एका पोट्ट्याच्या पायाला बांधायला आणलेली चिकटपट्टी होती. ती मी सायरनच्या बटणावर चार वेढे गुंडाळली. अजून तशीच आहे. या बटणाचा एक अख्खा मार्क कापलाय आणि मला विचाराल तर कमीच कापलाय.

नंतर खाली बसलो सगळे, रस्त्यावरच. बसल्यावर मोर्चा वेगळाच होतो. पोरं पुस्तकं काढतात. खरंच. माझ्या शेजारचा चालू घडामोडीचा अंक वाचत होता, मध्येच 'भरा!' म्हणायचा आणि परत पान उलटायचा.

इथं रेकॉर्डिंगचं बटण कामाला आलं. वीस सेकंदांचा आवाज साठवून परत परत वाजवता येतो. माझा घसा संपलेला, म्हणून 'रिक्त पदं भरा' एकदाच भरलं आणि भोंगा बॅगेवर ठेवून डबा उघडला. भोंगा ओरडतोय, लोक उत्तर देताहेत, मी पोळी-भाजी खातेय. दहा मिनिटं कोणाच्या लक्षात आलं नाही. मग मागून एक जण ओरडला, "ताई, तुमचा आवाज अचानक चांगला काऊन झाला?" हे बटण उत्तम. मार्क पूर्ण.

पण भोंगा खरा वसूल झाला तो दुपारी अडीचला. गडचिरोलीकडचा एक पोरगा रडवेला होऊन आला. त्याची फाइल हरवली होती. प्लास्टिकची निळी फाइल, बटणाची, आपल्या सगळ्यांकडे असते ती. आत दहावी-बारावीच्या ओरिजिनल मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, डोमिसाइल. ओरिजिनल घेऊन मोर्च्यात कशाला आला म्हणून त्याला रागवायला दोघं-तिघं पुढं झाले, पण रागवून कोण राहिलं होतं तर ज्यांच्या स्वतःच्या बॅगेत ओरिजिनल होते ते. भाड्याच्या खोलीत कोण ठेवतं? तिथं चार जण राहतात, छत गळतं, मालक कधीही कुलूप बदलतो. ज्याची सगळी कमाई सहा कागदांत आहे तो ते कागद पाठीवर घेऊनच फिरणार.

मी खटका दाबला. या वेळी हळू बोलले, एकेक शब्द तोडून. निळी. फाइल. बटणाची. कोणाला सापडली तर हात वर करा. सगळे आपापल्या मांडीखाली बघायला लागले. एवढा मोठा जमाव एकदम खाली वाकलेला मी पहिल्यांदा पाहिला. पहिल्या पाच मिनिटांत तीन निळ्या फायली वर आल्या, तिन्ही दुसऱ्यांच्या. चौथी त्याची. कोणीतरी थंड डांबरावर बसायला ती खाली घेतली होती. त्याने तिथंच उघडून एकेक कागद मोजला, दोनदा. मग मला म्हणाला, "मॅडम, धन्यवाद." मॅडम! अकरा महिने ऑफिसात बसून मला कोणी मॅडम म्हटलं नव्हतं.

त्यानंतर भोंगा घोषणांना कमी आणि अशाच कामांना जास्त लागला. पाण्याचा टँकर कुठं उभा आहे. मुलींसाठी फिरतं शौचालय कुठल्या बाजूला आहे (लांब होतं, आणि रांग त्याहून लांब). यवतमाळच्या गाडीवाल्यांनी पाचला निघायचंय. कोणाच्या तरी मोबाइलची पॉवर बँक. या कामासाठी म्हणाल तर पाचपैकी पाच.

पाचच्या सुमारास शेवटचा प्रयोग. बॅरिकेडमागून एक साहेब आले. त्यांच्याकडे त्यांचा भोंगा होता, सरकारी, आमच्यापेक्षा मोठा, पण तो नुसता घरघर करून राहिला होता. त्यांनी दोन-तीनदा आपटला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, दोन मिनिटं देता का?"

मी मागं वळून पाहिलं. आमच्या पोरांनी खांदे उडवले. दिला.

आमच्या वीस-वीस रुपयांच्या भोंग्यातून साहेब बोलले की शिष्टमंडळातल्या पाच जणांनी पुढं यावं, निवेदन स्वीकारलं जाईल, बाकीच्यांनी शांततेत परत जावं. आणि काय सांगू, एकेक अक्षर कळलं. पार मागच्या ओळीपर्यंत. मी दिवसभर तोंडाला चिकटवून ओरडत होते, त्यांनी वीतभर लांब धरला, आवाज न चढवता, प्रत्येक वाक्यानंतर श्वास घेऊन बोलले. शिकण्यासारखं आहे, हे वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा. बोलून झाल्यावर त्यांनी रुमालाने माइक पुसला, परत दिला आणि विचारलं, "कितीला पडला?"

"अठराशे एकोणपन्नास."

"बरा हाय," म्हणाले.

पाच जण गाडीत बसून गेले, निवेदन दिलं, पोच घेऊन आले. पोचेवर शिक्का आहे, सही आहे, तारीख आहे. त्याची झेरॉक्स ज्याला पाहिजे त्याने माझ्याकडून घ्यावी, 117 जणांना एकेक काढायला परवडत नाही.

घरी आल्यावर सायरनच्या बटणाची तक्रार केली. परत करायची मुदत सात दिवस होती, सहावा चालू होता. कस्टमर केअरची मुलगी, माझ्याच वयाची वाटली आवाजावरून. म्हणाली, "मॅम, सायरन चल रहा है ना?" म्हटलं, चल रहा है, वही तो प्रॉब्लेम है. तिने मला तीन वेळा होल्डवर ठेवलं, शेवटी म्हणाली की चालू असलेल्या भागाची तक्रार घ्यायला तिच्याकडे रकानाच नाही. मग हळूच म्हणाली, टेप लगा दीजिए. म्हटलं लावलीय.

सध्या भोंगा माझ्याकडे नाही. आमच्यातलाच एक, एम.कॉम. झालेला, मानेवाड्याकडे हातगाडीवर संत्री विकतो. आता मृग बहाराची संत्री आली आहेत. त्याने भोंगा दिवसाला तीस रुपये भाड्याने नेलाय, पैसे ग्रुपच्या डब्यात टाकतो. पट्टा त्याने सायकलच्या ट्यूबचा लावलाय, तो तुटत नाही. रेकॉर्डिंगच्या वीस सेकंदांत 'गोड संत्री, साठ रुपये किलो' बरोबर चार वेळा बसतं. पहिल्या दिवशी मात्र जुनं पुसायचं त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. सकाळी सातला गल्लीत गाडी लावून त्याने बटण दाबलं आणि माझा आवाज सुरू झाला, 'रिक्त पदं...'

वरच्या गॅलरीतून दात घासणाऱ्या कोणीतरी तोंडातला ब्रश काढून 'भरा!' म्हटलं, असं तो सांगतो. त्याच्या सांगण्यावर कितपत भरवसा ठेवायचा ते माहीत नाही, पण त्या घराने दोन किलो घेतली.